खाबुऱ्याच्या खाडीवर मौजेला कोणी जात नव्हतं

तुमच्या बाबांना तुमच्याकडच्या सरकारकडून एक जाडजूड पाकीट आलं, आणि त्यात 'गेल्या वर्षी मासे धरलेत का, शिकार केलीत का, पक्षी बघायला किती लांब गेलात' असे प्रश्न होते म्हणून तुम्ही दोघं फोनवर केवढे हसलात! धाकटीने तर विचारलं, "आजी, पण सरकारला काय करायचंय?" प्रश्न चांगला होता. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, कारण तुमचं बोलणं भरभर असतं आणि मला प्रत्येक गोष्ट पहिल्यापासून सांगायची सवय आहे. म्हणून लिहिते आहे. एखादा शब्द अडला तर आईला विचारा. आणि हसण्याआधी एवढं लक्षात घ्या की तुमच्या आजीने हेच प्रश्न विचारत ओमानच्या किनाऱ्यावर दारं वाजवलेली आहेत.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. आजोबा मस्कतमध्ये, गाला नावाच्या भागात, एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग मागवण्याचं काम बघत. आम्ही मदिनत सुलतान काबूसला शाळेच्या मागच्या गल्लीत राहत होतो. तुमचे बाबा कॉलेजसाठी भारतात गेले आणि घर एकदम इतकं नीटनेटकं राहायला लागलं की मलाच ते आवडेना. त्याच सुमारास एका सरकारी खात्याला पाहणीच्या कामासाठी बायका हव्या आहेत असं कळलं. इंग्रजी चांगलं हवं, हिंदी-उर्दू यायला हवी. बायकाच का, तर तिकडे घरातल्या बायकांच्या खोलीत पुरुषाला जाता येत नाही, आणि निम्मी माणसं तर त्या खोलीतच असतात.

मुलाखत घेणारे साहेब ओमानी होते, इंग्लंडमध्ये शिकून आलेले, बोलायला मृदू. त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्हाला मासे ओळखता येतात?"

आपलं घर पक्कं शाकाहारी, हे तुम्हाला माहीतच आहे. मी म्हटलं, "तोंडओळख आहे, सर."

ते हसले आणि मला घेतलं.

पाहणीचा विषय असा होता: लोक करमणुकीसाठी समुद्रावर, वादीत, वाळवंटात काय काय करतात? गळ टाकतात का, शिंपल्या वेचतात का, पक्षी-कासवं बघायला जातात का, शिकार करतात का? वादी म्हणजे पावसाळी ओढ्याची दरी, एरवी कोरडी, पण कुठे कुठे वर्षभर पाणी टिकून राहणारी. शिकारीला तोवर बंदी आलेली होती, त्यामुळे त्या प्रश्नाला सगळे अगदी साधुसंतासारखा चेहरा करून "अजिबात नाही" म्हणत. मग कॉफीचा दुसरा पेला आला की घरातली म्हातारी सांगायला लागे की तिच्या नवऱ्याने एकदा डोंगरात ससा कसा टिपला, आणि मग त्याचं काय काय शिजवलं. आम्ही ऐकून घ्यायचो. लिहायला 'नाही'च लिहायचं, कारण प्रश्न गेल्या वर्षाचा होता.

आम्हाला दोन नियम घालून दिले होते. एक, प्रश्न छापलाय त्याच शब्दांत विचारायचा, उत्तर सुचवायचं नाही. दुसरा, पाहणी कशासाठी आहे हे शेवटपर्यंत सांगायचं नाही, म्हणजे कोणी सोयीचं उत्तर देणार नाही. मला नियम आवडतात. मी दोन्ही पाळत होते.

माझी जोडीदारीण ओमानी होती, पण झांझिबारमध्ये वाढलेली. तिचं इंग्रजी फार गोड होतं. ती मला 'दादा' म्हणायची, कारण तिच्या स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. आजोबांनी हे ऐकलं त्या दिवसापासून तेही मला चिडवायला दादा म्हणू लागले. गाडी ती चालवायची. माझ्याकडे थर्मास, नकाशा आणि तिला वेग कमी करायला सांगण्याचं काम असे.

अशा एका फेरीत आम्ही खाबुऱ्याला गेलो. बाटिना किनाऱ्यावरचं हे गाव. बाजार, खजुराच्या बागा, आणि गावाच्या कडेला समुद्रातून आत शिरलेली खाडी. त्या खाडीचंही एक प्रकरण होतं. भरधाव जीपगाड्या वाळूवर फिरून पक्ष्यांची घरटी चिरडत होत्या, म्हणून खात्याला तिथे कुंपण घालायचं होतं. जिथे घरांतली माणसं नेहमी जातात असं पाहणीत दिसेल तिथे चालत जायला वाट ठेवायची, आणि जिथे कोणीच जात नाही तिथे कुंपण सरळ बंद करायचं, असं ठरलं होतं. हे आम्हाला माहीत होतं. गावाला नव्हतं.

बाजारात एका शिंप्याचं दुकान होतं. शिंपी रत्नागिरीकडचा, कोकणी मुसलमान. दुकानाच्या मागे त्याच्या दोन खोल्या. आम्ही मागच्या दाराने गेलो. शिंप्याच्या बायकोने माझी साडी बघितली, माझं मराठी ऐकलं, आणि अर्धं वाक्य हिंदीत बोलून झालेलं असताना ते तसंच सोडून दिलं.

"अगो बाय, आपल्याकडची! बस, बस. ही अरबीण पन बसूदे."

वय असेल पस्तिशीच्या आसपास. मुलं शाळेत गेलेली. तिने आमच्यापुढे सांदणं ठेवली, तांदळाची, नारळाच्या रसातली. आणि आमच्या मधोमध, जमिनीवर, पाण्याने भरलेली एक परात होती. तिच्यात तिसऱ्या, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या शिंपल्या. वाळू सोडायला भिजत घातलेल्या. मधूनच एखादी तोंड उघडून पाण्याची बारीक पिचकारी मारी. एक माझ्या पायावर आली.

मी प्रश्न वाचला. "गेल्या वर्षात तुम्ही करमणुकीसाठी मासे किंवा शिंपल्या धरायला कुठे गेला होतात का?"

"नाय."

मी परातीकडे बघितलं. माझ्या जोडीदारणीने परातीकडे बघितलं, मग छताकडे बघितलं. नियमाप्रमाणे प्रश्न आणखी एकदा, त्याच शब्दांत विचारता येत असे. मी विचारला.

"करमनुकीला? घरदार टाकून करमनुकीला कोन जातां गो? आमच्यात बायका तसल्या नाय. तुमच्या मस्कतच्या जात असतील."

मी 'नाही'वर खूण केली. पुढचे सगळे प्रश्न त्या एका खुणेने गळून गेले. सही घेतली, कागद पिशवीत गेले, आणि तिने चहा ओतता ओतता विचारलं, "पन ह्यां सगळां कशाला इचारतात?"

आता सांगायला हरकत नव्हती. मी कुंपणाचं सांगितलं.

तिने किटली खाली ठेवली. "मग मी जानार कुठून?"

"कुठे?"

"खाडीवर!"

"पण तुम्ही तर जात नाही म्हणालात."

"करमनुकीला नाय म्हन्लां! कालवनाला जातंय. रोज सुकतीला जातंय." सुकती म्हणजे ओहोटी. "ह्या तिसऱ्या काय बाजारातून उडत आल्या? खोड ता. हो लिव."

"खोडता येत नाही हो. तुम्हीच सही केलीत."

"मग सही पन खोड!"

माझ्या जोडीदारणीला मराठी येत नव्हतं, पण तिला सगळं समजलं. ती हळूच म्हणाली, "दादा, तिचा चेहरा बघ."

मी बघितला होता. त्या दोन खोल्यांची एकुलती खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडत होती. पुढे दुकान, त्यात दिवसभर गिऱ्हाईक पुरुष, म्हणून पुढच्या दाराने बाहेर पडणं नाही. नवऱ्याला सुट्टी शुक्रवारी, तीही अर्धी, कारण ईदच्या आधी शुक्रवार कसला आणि सुट्टी कसली. मागचं दार तेवढं खाडीच्या पायवाटेला लागत होतं. तिचं माहेर अशाच एका खाडीच्या काठावरचं. इथे आली तेव्हा पहिले काही महिने ती नुसती झोपून असायची, जेवायची नाही, असं तिने सांगितलं. मग शेजारच्या एका बलुची म्हातारीबरोबर खाडीवर गेली आणि चिखलात पाय घातला. पायाच्या तळव्याला तिसरी लागली. "थितां मी हसलंय," ती म्हणाली, "ती म्हातारी घाबरली."

परतीच्या वाटेवर जोडीदारीण नेहमीपेक्षा हळू गाडी चालवत होती. म्हणाली, "माझी आजी झांझिबारला ओहोटीला खडकांत ऑक्टोपस काढायला जायची. सगळ्या बायका गाणी म्हणत जायच्या, गाणी म्हणत यायच्या. तिला तू विचारलं असतंस ना, मौजेला जाता का, तर तिने तुला चप्पल दाखवली असती. पोरांच्या पोटासाठी जाते, म्हणाली असती. आणि घरात मासे असले तरी जायची."

घरी आल्यावर मी त्या किनाऱ्यावरची आमची सगळी उत्तरं पुन्हा काढून बघितली. पुरुषांकडे 'होय' भरपूर. बायकांकडे 'नाही', 'नाही', 'नाही'. ओमानी बायका, कोकणी बायका, बलुची बायका, सगळ्या घरातच बसून. आणि मला तर प्रत्येक घरातली दोरीवर वाळणारी ओली सलवार आठवत होती, दाराशी ठेवलेली वाळूभरली टोपली आठवत होती. खोटं कोणीच बोललं नव्हतं. 'मी माझ्या आनंदासाठी बाहेर जाते' असं म्हणणारी बाई त्या घरांत नव्हती, एवढंच. खरं सांगायचं तर आमच्या पुण्याच्या घरीही नव्हती. माझी आई रोज संध्याकाळी टेकडीवर जायची ती वैद्यांनी सांगितलं म्हणून.

शनिवारी, म्हणजे तिकडचा आठवड्याचा पहिला दिवस, मी साहेबांकडे गेले, शिंप्याच्या बायकोचं सगळं सांगितलं आणि प्रश्नाचे शब्द बदलायला हवेत असं म्हटलं.

"मॅडम, तुम्हीच असं म्हणता?" ते म्हणाले. "इतर सगळ्या मला येऊन विचारतात की प्रश्न जरा आपल्या मनाने विचारला तर चालेल का. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"मी मनाने विचारलेला नाही, सर. म्हणूनच म्हणते. हा प्रश्न बायकांना लागू पडत नाही."

"आता बदलला तर ती खाडीवाली बाई होच म्हणणार. तिला कुंपण कळलंय. तिच्या शेजारणींनाही एव्हाना कळलं असेल."

"कळलंच असेल. म्हणून नुसतं हो-नाही विचारायचंच नाही. घराबाहेर पाण्याकाठी, रानात कुठे जाता आणि तिथे काय करता, ते सांगा, असं विचारायचं. जी जात नाही ती सांगणार काय?"

ते "इन्शाल्ला" म्हणाले. त्या ऑफिसात इन्शाल्लाचे बरेच अर्थ होते आणि त्यातले बहुतेक 'नाही'च्या जवळचे होते. मी घरी आले आणि आजोबांवर चिडचिड केली. ते म्हणाले, "दादा, राजीनामा देऊ नका, आधी चहा द्या."

पुढच्या शनिवारी साहेबांनी मला आत बोलावलं. जरा ओशाळल्यासारखे दिसत होते. "मी शुक्रवारी घरी आईला प्रश्न विचारला," ते म्हणाले. "छापलेला. शब्द न बदलता. ती म्हणाली, मी कुठेच जात नाही, मला कोण नेतं?" त्यांनी कपाळाला हात लावला. "मॅडम, मी दर शुक्रवारी तिला वादीत नेतो. प्रश्न विचारला तेव्हाही आम्ही वादीतच बसलो होतो. तिचे पाय पाण्यात होते."

मी हसू दाबलं. त्यांनी दाबलं नाही.

प्रश्न बदलला. नव्या प्रश्नात शेवटी एक ओळ घातली: 'तिथे जायला मिळालं नाही तर काय फरक पडेल?' आणि ज्या गावांत कुंपण होणार होतं तिथल्या बायकांना पुन्हा भेटायचं ठरलं.

खाबुऱ्याला शिंप्याच्या घरी आम्ही गेलो तेव्हा तो स्वतःच मागे येऊन बसला होता. टेप गळ्यात, कानाला खडू. माणूस भला होता, पण काळजीत होता.

"बाई, एक सांगतो," तो म्हणाला. "ही चिखलात जाते असं सरकारी कागदावर नको. उद्या माझा अर्बाब म्हणेल, शिंप्याचं भागत नाय, बायकोला चिखल तुडवायला धाडतो. माझं भागतंय. मी घरात मासळी आणतो. सुरमई आणतो." अर्बाब म्हणजे ज्याच्या परवान्यावर तो काम करत होता तो ओमानी मालक.

"त्यांची सुरमई कोन खाता नाय म्हनला?" आतून आवाज आला.

"मग कशाला जातेस? ते तरी सांग ह्यांना."

हा प्रश्न माझ्या कागदावर नव्हता, पण सगळं त्याच प्रश्नावर येऊन थांबलं होतं. पोटासाठी जाते म्हणावं तर नवऱ्याची लाज जाते. मौजेसाठी म्हणावं तर तिची. पहिल्या वेळी ती 'नाय' का म्हणाली ते मला तेव्हा पुरतं कळलं. 'नाय' हेच एक उत्तर होतं ज्यात घरातल्या कोणालाच काही लागत नव्हतं. आणि तेच उत्तर दिलं तर वाट बंद होणार होती.

ती येऊन बसली. मी नवा प्रश्न वाचला. ती नवऱ्याकडे न बघता बोलू लागली. कुठली पायवाट धरते, कुठे चपला काढते, दगडापाशी तिसऱ्या बारीक असतात म्हणून पलीकडच्या वळणावर कशी जाते, पाय गोल फिरवून कशा चाचपते, बारीक लागली तर परत कशी सोडते. घरी आणून रात्रभर पाण्यात ठेवायच्या, विळीवर उघडायच्या, मांस एका शिंपीत ठेवून दुसरी टाकून द्यायची, त्याचं एकशिपी कालवण. माझी जोडीदारीण मला खुणेने म्हणत होती, लिही, लिही. मी लिहीत होते. एवढं सांगायला मी तिला काहीच सुचवलेलं नव्हतं.

मग शेवटची ओळ. "तिथे जायला मिळालं नाही तर काय फरक पडेल?"

शिंपी टेपची गुंडाळी करत होता, सोडत होता.

"थितां मला कोन हाक मारीत नाय," ती म्हणाली.

मी ते लिहून घेतलं.

"हितां सकाळपासून हाक. अम्मी, अगे, भाभी, चाय, बटन, इस्त्री. थितां पानी खाली जाता, आनि कोन हाक मारीत नाय. तेवढाच वेळ. नाय गेलंय तर..." तिने हात उडवला. "तर मी परत झोपून रानार. ह्यांना इचार, बघितलानी हायत ते दिवस."

मग शिंपी उठला. दाराशी जाऊन, आमच्याकडे पाठ करून म्हणाला, "लिव्हा बाई. जाते म्हणून लिव्हा. रोज जाते." आणि पडद्यापलीकडे गेल्यावर, जरा मोठ्याने: "चहासाठी हाक मारतो मी. आता ती पण गुन्ह्यात मोजली!"

"मोजली!" ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसत हसली.

मी तिचे शब्द जसेच्या तसे इंग्रजीत उतरवले. सुबक करायचा मोह झाला, केले नाहीत. शेजारच्या घरांत त्या दिवशी आणखी बायकांनी खाडीचं सांगितलं. बलुची म्हातारीने तर बसल्या जागी पाय फिरवून दाखवले.

धाकटे, सरकारला काय करायचंय ते आता तुला कळलं असेल. त्याला बाईचा संसार माहीत करून घ्यायचा नसतो, आणि घेऊही नये. पण कुंपण कुठे घालायचं ते त्याला ठरवावं लागतं. तेव्हा तिथून कोण जातं हे कोणीतरी विचारलेलं बरं, आणि ज्याला विचारलं त्याला उत्तर देता येईल अशा शब्दांत विचारलेलं जास्त बरं. बाबांना म्हणावं, ते कागद नीट भर. दर रविवारी तुम्हा दोघांना तळ्यावर नेऊन तो स्वतः नुसता बाकावर बसतो, तेही लिहायला सांगा.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही कामासाठी त्या रस्त्याने जात होतो, तेव्हा खाबुऱ्याला वळलो. कुंपण झालं होतं. तारेचं, उंच. आणि शिंप्याच्या घरामागच्या पायवाटेपाशी त्यात एक फट ठेवली होती. दोन खांब, जीप जाणार नाही पण माणूस जाईल एवढ्या अंतरावर. ती आमच्या पाहणीमुळे ठेवली की कोणा इंजिनिअरला सुचलं म्हणून, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

शिंप्याची बायको निघण्याच्या तयारीतच होती. "बरां झाला आलाव. चला, पानी उतरलां."

"मी? मी शाकाहारी आहे हो."

"मग खाऊ नको. चिखल काय मच्छीचा हाय?"

खांबांमधली जागा टोपलीपेक्षा अरुंद होती. तिने टोपली डोक्यावर घेतली, अंग तिरकं केलं आणि पलीकडे झाली. माझी जोडीदारीण अबाया वर धरून गेली. मी चपला काढल्या, त्या नीट जोडीने एका बाजूला ठेवल्या, साडी खोचली आणि गेले. चिखल थंड होता आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा खोल. दोन पावलांत मी पोटरीपर्यंत रुतले. जोडीदारीण हसायला लागली आणि हसता हसता स्वतःही रुतली.

"कडेकडेनं या गो!" ती पुढून ओरडली, पण मागे वळली नाही. तिचे पाय केव्हाच गोल फिरायला लागले होते.